दानाचा पैसा आणि खरेदीचे दप्तर

धर्मादाय संस्थेला धुराडे नसते. तिच्या आवारातून काळे पाणी ओढ्यात सुटत नाही, तिच्या नावाने डोंगर फोडला जात नाही, आणि म्हणून सृष्टीच्या ऱ्हासाची चर्चा निघाली की ती स्वतःला आरोपीच्या जागी न पाहता पंचाच्या आसनावर पाहते. वृक्षारोपणाचा समारंभ ती करते, विद्यार्थ्यांच्या प्रभातफेऱ्या काढते, भिंतींवर घोषवाक्ये रंगवते. परंतु त्याच समारंभात पाहुण्यांना दिलेले पुष्पगुच्छ कसल्या वेष्टनात गुंडाळले होते, व्यासपीठामागचा फलक कशावर छापला होता, आणि रोपे ज्या काळ्या पिशव्यांतून आली त्या पिशव्या सायंकाळी कोठे गेल्या, याची नोंद तिच्या कोणत्याही वहीत सापडत नाही. सापडते ती किंमत. जिन्नस आला, नग मोजले, पावती रुजू झाली, रक्कम खर्ची पडली. तो जिन्नस कोठून आला आणि निकामी झाल्यावर कोठे जाईल, हे दोन प्रश्न हिशेबाच्या रकान्यांत मावत नाहीत.

हे प्रकरण बावड्यासारख्या गावी बसून वाचावे अशा बेताने लिहिले आहे. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, इंदापुराहून अकलूजकडे जाणाऱ्या सडकेवर, नीरा आणि भीमा या नद्या नरसिंहपुरापाशी एकत्र येण्यापूर्वी त्यांच्यामधली भूमी जेथे निमुळती होत जाते, तेथे हे गाव आहे. शंकरराव बाजीराव पाटलांचे गाव म्हणून जिल्ह्याच्या राजकारणाला ते ठाऊक आहे. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या अवर्षणी मुलखाचा एक पट्टा उसाने हिरवा केला आणि त्याच्याच शेजारचा दुसरा तसाच कोरडा ठेवला. उजनीच्या धरणाने भीमेकाठच्या कित्येक गावांना उठवून वर नेऊन बसवले. पाण्याचे मोल आणि पाण्याची उधळपट्टी या दोन्ही गोष्टी एकाच शिवारात पाहण्याची सवय असलेल्या या तालुक्यांत शिक्षणसंस्था, वसतिगृहे, वाचनालये, देवस्थानांचे विश्वस्त, रुग्णसेवेची मंडळे अशा नाना प्रकारच्या संस्था नांदत आहेत. पर्यावरणस्नेही कार्यालयावरची जी पुस्तके परदेशांतून येतात, त्यांत प्रत्येक संस्थेकडे त्या कामासाठी स्वतंत्र अधिकारी, सल्लागार आणि अंदाजपत्रकात तरतूद असते असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे कार्यालय म्हणजे दोन खोल्या, लोखंडी कपाट, एक संगणक, एक छपाईयंत्र, आणि रोजकीर्द, खतावणी, आवक-जावक व डेडस्टॉक यांच्या वह्या सांभाळणारा एक कारकून. सुधारणा घडायची असेल तर ती त्या कारकुनाच्या टेबलावर घडली पाहिजे. अध्यक्षांच्या भाषणात ती पुष्कळ वेळा घडून गेली आहे.

प्रथम प्रमाणाचे भान हवे. हरितगृह वायूंचा हिशेब मांडण्याची जी पद्धत २००१ पासून जगभर रूढ झाली, तिने उत्सर्जनाचे तीन वर्ग केले: संस्था स्वतः जे इंधन जाळते ते पहिल्यात, ती जी वीज विकत घेते तिच्यासाठी वीजकेंद्रात जे जळते ते दुसऱ्यात, आणि तिने विकत घेतलेल्या वस्तू, तिच्यासाठी झालेली वाहतूक, तिने टाकलेला कचरा यांतून इतरत्र जे घडते ते तिसऱ्यात. कारखान्याचा पहिला वर्ग जड असतो. सेवाभावी संस्थेचा बहुधा तिसरा. आता एक छोटा हिशेब करून पाहू. ए-फोर मापाच्या, ऐंशी ग्रॅमी कागदाच्या एका तावाचे वजन बरोबर ५ ग्रॅम भरते, म्हणजे पाचशे तावांचे रीम अडीच किलोचे. ते तयार होताना ढोबळ मानाने अडीच-तीन किलो कर्बवायू हवेत जातो. बावड्याहून पुणे दीडशे किलोमीटरच्या घरात. संस्थेची जीप एका सहीसाठी पुण्यास जाऊन आली आणि लिटरमागे बारा किलोमीटर चालली, तर २५ लिटर डिझेल जळते; लिटरमागे २.६८ किलो या प्रमाणाने तो कर्बवायू ६७ किलो होतो. म्हणजे वर्षभर पाठकोरे कागद जपून वापरणाऱ्या कारकुनाने वाचवलेली बावीस-पंचवीस रिमे चिटणीसांच्या एका फेरीत उडून गेली. पाठकोरा कागद वापरू नये असा याचा अर्थ नव्हे. परंतु काटकसरीचा सारा भार शिपाई आणि कारकून यांच्यावर टाकून वरच्या मंडळींनी मोटारीत बसावे, ही आपल्या संस्थांची जुनी खोड या आकड्यांत नेमकी उघडी पडते. ती सही टपालाने किंवा संगणकावरून झाली असती, निदान इंदापूरच्या स्थानकावरून एस.टी. तरी मिळाली असती.

खरेदीच्या बाबतीत आपल्या संस्थांना एकच शास्त्र शिकवले गेले आहे, ते म्हणजे तीन दरपत्रके मागवावीत आणि सर्वांत कमी दराचे स्वीकारावे. हा नियम वाईट नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या अधिनियमाखाली दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाठवावे लागतात. खरेदी मेव्हण्याच्या दुकानातून झाली नाही हे दाखवण्यासाठी तीन दरपत्रकांइतका सोपा पुरावा नाही, आणि ज्याने ग्रामीण संस्थांचे राजकारण जवळून पाहिले आहे तो हा पुरावा सोडून द्या असे सहसा म्हणणार नाही. दोष असा की या नियमाला फक्त दुकानातली किंमत दिसते. वस्तू वापरताना जी वीज, जे पाणी, जी शाई लागेल ती पुढील साली दुसऱ्या खात्यावर पडते, आणि वस्तू टाकून दिल्यावर जो उपद्रव होतो तो तर संस्थेच्या खात्यावर कधीच पडत नाही. तो ओढ्याच्या, गायरानाच्या, भंगार वेचणाऱ्या बाईच्या खात्यावर पडतो.

खरेदीला किमतीपलीकडचे धोरण असावे ही कल्पना कोणी नवी समजू नये. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने जे आज्ञापत्र सिद्ध झाले, त्यातील आरमाराच्या प्रकरणात गलबतांसाठी लाकूड कसे मिळवावे याचा जो तपशील आहे, तो या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. सागासारखी वृक्षे परवानगीने तोडावीत, कमी पडेल ते परमुलुखातून खरेदी करून आणावे. आंबे-फणसांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे खरे, परंतु त्यांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, बलात्कार सर्वथा करू नये. पुरवठ्याचा स्रोत कोणता, तो पुन्हा भरून यायला किती काळ लागतो, आणि त्या वस्तूवर कोणाचे जीवन अवलंबून आहे, हे तिन्ही प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीच्या एका सरकारी दस्तऐवजात किमतीच्या आधी विचारलेले आहेत. (पंत अमात्यांचे बावडे ते हे नव्हे, ते सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे गगनबावडे. पण आपल्या गावच्या चिटणीसांनी नामसादृश्याचा अभिमान बाळगून ते प्रकरण कार्यालयात लावले, तर इतिहासकारांनी फार रागावू नये.)

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले आणि संस्थांच्या जातीचे आहे. जो. कॉ. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस. १९३४ च्या जानेवारीत बिहारात भूकंप झाला तेव्हा राजेंद्रप्रसादांच्या मदतसमितीचे हिशेब त्यांनी सांभाळले, आणि मदतनिधीतला पैसा पीडितांसाठी आहे, कार्यकर्त्यांच्या सोयींसाठी नव्हे, हे सूत्र त्यांनी इतक्या कठोरपणे पाळले की गांधींच्या बरोबरच्या मंडळींच्या खर्चालाही त्यांनी अपवाद केला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी त्याचे कार्यालय थाटले. तेथे लिहिण्याचा कागद हाताने बनवलेला होता, आणि रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तेथेच तयार करण्यात आला. म्हणजे जी संस्था ग्रामोद्योगाचा उपदेश करीत होती तिच्या दौतीपासून दिव्यापर्यंत तोच उपदेश पोचला होता. पुढे तुरुंगात लिहिलेल्या आपल्या ग्रंथात कुमारप्पांनी पुनःपुन्हा निर्माण होणाऱ्या साधनांवर उभे असलेले अर्थकारण आणि खणून संपणाऱ्या साधनांवर उभे असलेले अर्थकारण असा जो भेद केला, त्याचे पहिले टिपण या कार्यालयाच्या सामानाच्या यादीतच झाले असावे असे मला नेहमी वाटते. गांधी आलेली पाकिटे उलटी करून वापरीत ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिची थट्टाही पुष्कळ झाली आहे. परंतु हिशेबनीसाची शिस्त आणि सृष्टीची काळजी या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून मुळात एकाच प्रवृत्तीच्या आहेत, हे कुमारप्पांइतके स्पष्ट दुसऱ्या कोणी दाखवले नाही.

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे वळू. खरेदीचा निर्णय दरपत्रके उघडताना होतो अशी समजूत आहे. वस्तुतः तो त्यापूर्वीच, मागणीपत्र लिहिताना होऊन गेलेला असतो. ‘पाण्याच्या बाटल्या, ५०० नग’ असे ज्याने लिहिले, त्याने बाटलीबंद पाण्याखेरीज सर्व मार्ग एका ओळीत बंद केले. पुढे तीन दरपत्रके मागवा की तेरा, निवड बाटली आणि बाटली यांच्यामध्येच व्हायची. त्याच कारकुनाने ‘सभेस येणाऱ्या पाचशे माणसांच्या पिण्याच्या पाण्याची सोय’ असे लिहिले असते, तर माठ, नळाचा टँकर, शाळेतले पिंप आणि स्टीलचे पेले हे सर्व आपोआप स्पर्धेत उतरले असते. म्हणून पहिला नियम असा करावा की मागणीपत्रात वस्तूचे नाव न लिहिता प्रयोजन लिहावे, आणि त्याच्याखाली तीन रकाने ठेवावेत: हीच सोय आपल्याकडील एखाद्या वस्तूच्या दुरुस्तीने होईल काय, गावात किंवा शेजारच्या संस्थेकडून उसनी मिळेल काय, आणि घेतलीच तर ती निकामी झाल्यावर कोण नेईल. या तीन ओळी भरण्यास पाच मिनिटे लागतात. त्या भरल्यावाचून दरपत्रक मागवू नये एवढा ठराव कार्यकारिणीने केला, की पर्यावरणाचे धोरण म्हणून वीस पृष्ठांची पुस्तिका छापण्याचे कारण उरत नाही.

दुसरा नियम दराविषयी. दरपत्रकांचा तुलनातक्ता करताना किमतीच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना काढावा आणि वस्तू जितकी वर्षे टिकेल तितक्या वर्षांचा वापराचा खर्च त्यात मिळवावा. लघुतम दराचा नियम मग खुशाल लावावा. हिशेब अवघड नसतो. छताचा जुन्या धाटणीचा पंखा ७५ वॉट वीज खातो, नव्या बीएलडीसी मोटारीचा ३० वॉटच्या आसपास. नव्याची किंमत जवळजवळ दुप्पट. वसतिगृहाच्या खोलीत पंखा दिवसाला चौदा तास, वर्षाचे तीनशे दिवस फिरतो असे धरले तर एका पंख्यामागे वर्षाला १८९ युनिटांची बचत होते, आणि युनिटाचा दर आठ रुपये मानला तर जास्तीची किंमत फार तर दोन उन्हाळ्यांत वसूल होते. परंतु तोच पंखा महिन्यातून एकदा तीन तास भरणाऱ्या सभागृहात लावला तर वर्षाची बचत दोन युनिटेही होत नाही. तेथला चालता पंखा काढून नवा बसवणे ही पर्यावरणाच्या नावाने केलेली चैन होय. चांगली वस्तू आणि योग्य जागी चांगली वस्तू यांत जे अंतर आहे ते फक्त हिशेबाने कळते, आणि विक्रेता तो हिशेब आपणहून करून देत नाही. छपाईयंत्राची गोष्ट याच जातीची आहे: यंत्र स्वस्त आणि शाईची नळकांडी महाग, हा व्यापार इतका जुना झाला आहे की त्यात फसणे हे आता संस्थांचे सांप्रदायिक कर्तव्यच होऊन बसले आहे.

या दोन नियमांचा नाश करणारा एक काळ वर्षातून एकदा येतो. त्याला मार्चअखेर म्हणतात. आयकर अधिनियमाची सवलत हवी असेल तर धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. अनुदानांच्याही मुदती ३१ मार्चला संपतात. त्यामुळे शिल्लक दिसली की फेब्रुवारीत कपाटे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात खुर्च्या आणि शेवटच्या आठवड्यात जे काही दुकानात उभे असेल ते, अशी खरेदी होते, आणि ती करताना प्रयोजनाचा विचार करण्यास कोणालाही सवड नसते. कायद्याचा दोष म्हणावा तर त्याच कायद्यात ठराव करून, विहित नमुन्यात कळवून, ठरलेल्या कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवण्याची वाटही ठेवली आहे. ती वाट माहीत असलेला सनदी लेखापाल डिसेंबरात गाठला, तर मार्चमधील कित्येक कपाटांचे जन्म टळतील. छपरावर सौरफलक बसवणे, पावसाचे पाणी साठवणारी टाकी बांधणे, अशी मोठी आणि दीर्घकाळ उपयोगी पडणारी कामे याच वाटेने उभी राहू शकतात.

कागदाविषयी इंदापूरकरांना एक विशेष जिव्हाळा असावयास हरकत नाही, कारण कागदाचा एक मोठा कारखाना त्यांच्याच तालुक्यात, भिगवणजवळ भादलवाडीस आहे. १९९० नंतरच्या दशकात सिनार मास या इंडोनेशियन उद्योगसमूहाने तो काढला आणि २००१ साली बल्लारपूर इंडस्ट्रीजने तो घेतला. त्याच भादलवाडीच्या तलावातील झाडांवर चित्रबलाक पक्ष्यांची वसाहत भरते, म्हणून पक्षिमित्रांना ते नाव आधीपासून माहीत आहे. आता ‘स्थानिक माल घ्यावा’ या उपदेशाची येथे गंमत होते: गुळगुळीत लेपाचा जो कागद आपल्या उंबरठ्याशी तयार होतो, त्याचा लगदा प्रामुख्याने समुद्रापलीकडून येतो, आणि आपल्या शेतांतून टनावारी निघणारे उसाचे चिपाड, ज्याच्यापासून तामिळनाडूतील सरकारी कारखाना १९८४ पासून कागद करीत आला आहे, ते आपल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळून वीज होते. उसाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास चिपाड निघते. ते जाळावे की त्याचा कागद करावा या वादात कारकुनाने पडू नये. परंतु दुकानदाराला चिपाडाचा किंवा पुनर्निर्मित कागद मिळेल काय असे विचारावे, आणि चकचकीत लेपाचा कागद वार्षिक अहवालाला मुळीच वापरू नये, कारण तो अहवाल वाचला जात नाही ही गोष्ट कागदाच्या गुळगुळीतपणाने बदलत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून चिंध्यांचा कागद करून दाखवला आहे. मानपत्रे आणि प्रशस्तिपत्रके यांस तो शोभतो, रोजच्या पत्रव्यवहारास परवडत नाही. खरी बचत निराळीच आहे, ती म्हणजे ‘तीन प्रतींत सादर करावे’ या हुकुमाची. शिक्षण खाते, देणगीदार, बँक आणि आयुक्त यांच्यासाठी तेच कागद पुनःपुन्हा छापले जातात; यांपैकी कोणाला संगणकीय प्रत चालते याची यादी करून ती कारकुनाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवणे, हे दोन्ही बाजूंनी छापण्याच्या आग्रहापेक्षा अधिक फलदायी ठरते.

बावड्याच्या संस्थांची खरी परीक्षा मात्र कार्यालयात न होता रस्त्यावर होते, आणि ती दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात ठरल्या तिथीला येते. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते आणि तेथून वडापुरी, बावडा या मार्गाने सराटीच्या मुक्कामाला जाते. दुसऱ्या दिवशी पादुकांना नीरेचे स्नान घडते आणि पालखी नदी ओलांडून अकलूजला, सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. त्या काही तासांत गावातली प्रत्येक संस्था, प्रत्येक मंडळ काही ना काही वाटते: चहा, केळी, भात-आमटी, बिस्किटे, औषधे, पाणी. दानाचा इतका उमाळा वर्षात दुसऱ्या कोणत्या दिवशी दिसत नाही, आणि त्या उमाळ्यामागे रस्त्याच्या कडेला जे उरते त्याइतका कचराही दुसऱ्या कोणत्या दिवशी दिसत नाही. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिक आणि थर्मोकोलच्या ताटल्या, पेले, वाट्या यांना मनाई झाली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या अशा अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. तेव्हापासून पांढऱ्या थर्मोकोलची जागा कागदी द्रोण-ताटल्यांनी घेतली. परंतु त्यांपैकी पुष्कळांच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो आमटी झिरपू देत नाही आणि म्हणूनच मातीत कुजूही देत नाही. खरेदीपूर्वी एक ताटली पाण्यात रात्रभर भिजत घालून पाहावी. सकाळी बोटाला जी पारदर्शक साल सोलून निघते, तिची खरेदी आपण पर्यावरणस्नेही म्हणून करीत होतो हे कळते.

पळसाच्या पानांची पत्रावळ हा यावरचा जुना आणि उत्तम उतारा. पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी वारीत पत्रावळींचा पुरस्कार केला तो योग्यच होता. मात्र तिची मागणी पालखीच्या आठवड्यात करून चालत नाही. पाने उन्हाळ्यात खुडावी लागतात, टाचावी लागतात, वाळवावी लागतात. म्हणजे मागणी आगाऊ, थोडी उचल देऊन, एखाद्या महिला बचत गटाकडे नोंदवली तरच माल वेळेवर मिळतो, नाहीतर ऐन वेळी दुकानदार पापुद्र्याचीच ताटली गळ्यात मारतो. स्टीलची ताटे सर्वांत चांगली असे शहरातली पुस्तके सांगतात. ती धुण्यास पाणी लागते, आणि आषाढाच्या तोंडाशी पाऊस लांबलेला असेल तर इंदापूर तालुक्यात ते पाणी टँकरने येत असते. हजारो ताटे धुण्यापेक्षा पत्रावळ गोळा करून खड्ड्यात घालणे त्या साली अधिक शहाणपणाचे ठरेल. पाऊस चांगला झालेला असेल आणि शाळेच्या आवारात नळ चालू असेल तर ताटेच काढावीत. आणि या दोहोंच्या आधी आणखी एक गोष्ट करावी, जी कोणी करीत नाही: दिंडीच्या चालकाला विचारावे. मोठ्या दिंड्यांबरोबर त्यांची ट्रक, त्यांची भांडी आणि त्यांचा स्वयंपाक असतो. वारकऱ्याच्या पिशवीत त्याचा तांब्या किंवा पाण्याची बाटली असते. त्याला नव्या बाटलीची गरज नसून जवळची बाटली भरून घेण्यासाठी नळाची गरज असते, आणि शिधा दिला तर तो तयार पाकिटापेक्षा अधिक मानाने घेतो. येथेही प्रश्न मागणीपत्राचाच आहे. ‘वारकऱ्यांची सेवा’ हे प्रयोजन बाजूला पडून ‘बिस्किटांचे पुडे, २००० नग’ ही वस्तू पुढे आली, म्हणून रस्त्याकडेला दोन हजार चकचकीत वेष्टने पडली.

विजेविषयी थोडक्यात सांगतो. एक किलोवॉटच्या सौरफलकांना सुमारे दहा चौरस मीटर छप्पर लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटे वीज मिळते. आधी दिवे आणि पंखे बदलून मागणी खाली आणावी, मग फलकांची क्षमता ठरवावी. उलट क्रमाने केल्यास जास्तीचे फलक घ्यावे लागतात. शाळेचे ऊन सर्वांत कडक असते ते मे महिन्यात, जेव्हा वर्ग रिकामे असतात, म्हणून ग्रीडला वीज देऊन ती पुढच्या बिलात वळती करून घेण्याची सोय मंजूर झाल्याखेरीज शाळेने हे काम हाती घेऊ नये. स्लॅबवर दरवर्षी चुन्याची पांढरी सफेदी मारणे हा उपाय इतका स्वस्त आहे की त्याचे उद्घाटन करण्यास कोणी पुढारी मिळत नाही.

शेवटी दानरूपाने येणाऱ्या वस्तूंविषयी लिहिले पाहिजे, कारण त्यांना दरपत्रक नसते आणि म्हणून त्या कोणत्याही नियमातून सुटतात. वस्तुरूप दान वाईट असते असे नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल अ‍ॅक्शन, म्हणजे कासा, या संस्थेकडून आलेले धान्य बारामतीच्या दुष्काळी पट्ट्यात फुकट न वाटता कामाच्या मोबदल्यात दिले गेले, त्यातून पाझर तलाव उभे राहिले, आणि त्याच कामाच्या ओघात १९७१ साली कृषी विकास प्रतिष्ठान ही संस्था निघाली. घेणाऱ्याने आधी प्रयोजन ठरवले होते, म्हणून परमुलुखीच्या धान्याचे येथे पाणी झाले. याच्या उलट ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर साऱ्या देशातून जुन्या कपड्यांचा जो लोंढा आला, त्यातले कितीतरी कपडे कोणाच्याच अंगाला न लागता ढिगांत पडून राहिले. जे पाठवले गेले ते पाठवणाऱ्याच्या घरात नको झालेले होते. भूकंपग्रस्तांना काय हवे, हा प्रश्न गाठोडे बांधताना कोणाच्या मनात आला नाही.

आज त्या गाठोड्यांची जागा संगणकांनी घेतली आहे. शहरातील कंपनी आपले जुने संगणक बदलते, आणि ते खेड्यातील शाळेला ‘भेट’ देते. छायाचित्र निघते, आभाराचे पत्र जाते, डेडस्टॉकच्या वहीत वीस नगांची नोंद होते. वर्षभरात त्यांतले बारा बंद पडतात, कारण त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि नवी प्रणाली त्यांवर चालत नाही. वहीतून नाव कमी करण्यासाठी निर्लेखनाचा ठराव, पंचनामा आणि मंजुरी लागते, म्हणून ते आणखी दहा वर्षे खोली अडवून बसतात. अखेर कोणी तरी धीर करून भंगारवाल्याला बोलावतो, आणि तांब्यासाठी त्यांच्या तारा गावाबाहेर उघड्यावर जाळल्या जातात. जुन्या फुगीर पडद्यांच्या काचेत तर किलोच्या मापाने शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी मोठ्या ग्राहकांना आपला असा कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच देण्याचे बंधन घातले आहे. हजार उपकरणे वापरणारा तो मोठा ग्राहक, या व्याख्येत शहरातली कंपनी बसते आणि खेड्यातली शाळा बसत नाही. त्यामुळे कंपनीने शाळेला संगणक भेट दिले, की तिचे बंधन त्या भेटीबरोबरच विरून जाते. ही पळवाट कायदा करणाऱ्यांनी बुजवावी तेव्हा बुजवावी. तोवर संस्थेने भेट स्वीकारण्याआधी दात्याला एक छापील पत्र पाठवावे आणि त्यात चारच गोष्टी विचाराव्यात: यंत्र किती वर्षांचे आहे, चालू आहे काय, त्याची दुरुस्ती बारामतीत किंवा अकलूजला होते काय, आणि तीन वर्षांनी ते निकामी झाले तर परत नेण्याची हमी आपण लेखी द्याल काय. ज्यांचा हेतू शुद्ध आहे ते उत्तर देतात, आणि बहुधा वीसऐवजी सहा चांगले संगणक पाठवतात. बाकीच्यांचे उत्तर येत नाही. अशा वेळी अध्यक्षांना थोडे अवघडल्यासारखे होते, कारण दात्याशी त्यांचा घरोबा असतो. म्हणून हे पत्र अध्यक्षांच्या सहीने न पाठवता, कार्यकारिणीच्या ठरावाचा क्रमांक आणि दिनांक घालून, चिटणीसांच्या सहीने पाठवावे.